खवट झालेला एलडीएल, त्याला गिळणाऱ्या पेशी आणि रक्तवाहिनीचे निरोप

वर्धेकाठचा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मी आर्वी तालुक्यातला. पंधरा वर्षांपासून तालुक्याच्या ठिकाणी एका लहान पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त तपासतो. मी डॉक्टर नाही. पण गेल्या वर्षी घरात जे झालं त्यानंतर एक गोष्ट समजून घेतल्याशिवाय मला चैन पडेना. महिनोन्‌महिने वाचलं, ओळखीच्या डॉक्टरांना छळलं. ते सगळं इथं मांडतो.

सीतादही (कापूस वेचणीच्या सुरुवातीची पूजा) होऊन आठेक दिवस झाले होते. दादा, म्हणजे माझा मोठा भाऊ, पहाटे उठला तो छातीवर हात ठेवूनच. वय ४६. "गॅस झाला" म्हणून सोडा पाजला. जवळच्या एका दवाखान्यात ॲसिडिटीचं इंजेक्शन देऊन घरी पाठवलं. अकरा वाजता घाम फुटला तेव्हा कुठं ईसीजी निघाला आणि आम्ही नागपूरच्या रस्त्याला लागलो. दादा वाचला, स्टेंट बसला. पण चार महिन्यांपूर्वी त्याचं रक्त मीच तपासलं होतं. एलडीएल, म्हणजे ज्याला 'वाईट' कोलेस्टेरॉल म्हणतात ते, १३१. "थोडंसंच जास्त आहे, काही होत नाही," असं माझ्याच तोंडचं वाक्य. ते अजून कानात आहे.

घरी आल्यावर भेटायला येणारा प्रत्येक जण एकच सांगायचा : नळी चोंदली. पाइपात तेलकट गाळ बसतो तसं. मग कुणी शिरा खरवडून काढणारा काढा आणला, कुणी रोज गरम पाणी प्यायला सांगितलं. माझ्याही डोक्यात तेच चित्र होतं. ते चित्र चुकीचं आहे, एवढंच सांगण्यासाठी हा धागा काढलाय. गाळ नळीच्या आत, रक्ताच्या बाजूनं बसत नाही. तो भिंतीच्या पोटात, अस्तराच्या खाली साठतो. आणि तो नुसता गाळ नसतो, त्यात आपल्याच जिवंत आणि मेलेल्या पेशी असतात. रक्तातून जाणारा कुठलाही काढा त्याला खरवडू शकत नाही, कारण मध्ये अस्तर आहे.

आता पहिल्यापासून.

कोलेस्टेरॉल पाण्यात विरघळत नाही, म्हणून शरीर त्याला कणांत भरून रक्तात पाठवतं. एलडीएल हा असाच एक कण. आत चरबीचा गोळा, बाहेर पातळ आवरण, आणि त्याभोवती गुंडाळलेलं एकच लांबलचक प्रथिन, अपो-बी. त्यात ४,५३६ अमिनो आम्लं असतात. कणाचा व्यास साधारण २२ नॅनोमीटर, म्हणजे एका मिलिमीटरच्या ओळीत असे जवळपास ४५,००० कण मावतील. इतका लहान कण असल्यामुळे तो रोहिणीच्या, म्हणजे धमनीच्या, अस्तरातून भिंतीत जातो-येतो. जाणं हा रोग नाही. अडकून राहणं हा रोगाचा आरंभ. भिंतीत प्रोटिओग्लायकन नावाचे ऋणभार असलेले धागे असतात आणि अपो-बीच्या अंगावर धनभाराचे ठिपके असतात. कण तिथं चिकटतो. रक्तात जितके कण जास्त आणि जितकी वर्षं जास्त, तितके अडकणारे जास्त.

अडकलेल्या कणाचं पुढं काय होतं, ते आपल्याकडच्या माणसाला जवसावरून लगेच कळेल. जवसाचं तेल घाणीवरून थोडं थोडंच आणायचं, हे आजीला माहीत होतं. महिनाभर उघडं राहिलं की खवट. आणि तेच तेल लाकडी दाराला चोपडलं की काही दिवसांत वाळून त्याचा पापुद्रा बनतो. कारण एकच. त्या तेलातल्या मेदाम्लांत दुहेरी बंध जास्त असतात, आणि हवेतला ऑक्सिजन नेमका त्या बंधांपाशी घुसतो. एक रेणू बिघडला की तो शेजारच्याला बिघडवतो, अशी साखळी चालते. एलडीएलच्या गोळ्यात लिनोलेइक आम्ल भरपूर असतं, दोन दुहेरी बंधांचं. रक्तात असेपर्यंत कणाला संरक्षण असतं. त्याच्या अंगावरच ई जीवनसत्त्वाचे सरासरी सहा रेणू असतात, शिवाय रक्तात इतर रक्षक आहेत. भिंतीत अडकल्यावर हा पहारा तुटतो. तिथल्या पेशींची वितंचकं (एन्झाइम) आणि मुक्त मूलकं (फ्री रॅडिकल, फार चटकन बिघाड करणारे रेणू) कणाला खवट करत जातात. तुटलेल्या मेदाम्लांचे तुकडे, जसं मॅलॉनडायअल्डिहाइड, अपो-बीच्या लायसीन या अमिनो आम्लावर जाऊन बसतात आणि त्याचा धनभार झाकून टाकतात. कणाची ओळखच बदलते.

ओळख बदलली की काय होतं, हा या विषयातला माझ्या मते सगळ्यात सुंदर भाग आहे.

टेक्सासमधल्या डॅलसचे ब्राउन आणि गोल्डस्टीन यांनी १९७० च्या दशकात पेशींवरचं एलडीएलचं फाटक शोधलं, एलडीएल रिसेप्टर. १९८५ चं नोबेल त्यांना याच कामासाठी मिळालं. हे फाटक शहाणं असतं. जिनिंगमध्ये (कापसाच्या कारखान्यात) गंजी लावायला जागा उरली नाही की गाड्या बाहेरच थांबवतात, तसं पेशीत कोलेस्टेरॉल पुरेसं झालं की ती फाटकंच कमी करते. मग कोडं पडलं. रोहिणीच्या भिंतीत कोलेस्टेरॉलनं तट्ट फुगलेल्या भक्षकपेशी (जंतू नि कचरा गिळणाऱ्या पेशी) सापडतात, त्या फुगल्या कशा? ज्यांच्यात जन्मतःच हे फाटक काम करत नाही त्यांच्याही भिंतीत त्या सापडतात! आणि प्रयोगशाळेत भक्षकपेशींना साधा एलडीएल कितीही दिला तरी त्या फुगत नव्हत्या.

१९७९ मध्ये त्यांनीच दाखवलं की एलडीएलला रासायनिकरीत्या बदललं, ॲसिटिल गट जोडला, की भक्षकपेशी त्याला अधाशासारखं गिळतात. म्हणजे दुसरं एक फाटक आहे. पण शरीरात ॲसिटिल एलडीएल बनवतं कोण? सॅन डिएगोच्या डॅनियल स्टाइनबर्ग यांच्या गटानं १९८० च्या दशकात दाखवलं की रक्तवाहिनीच्या अस्तराच्या पेशींसोबत एलडीएल ठेवला तर तो आपोआप बदलतो, आणि हा बदल ऑक्सिडीकरणाचा, म्हणजे खवट होण्याचाच, असतो. खवट झालेला एलडीएल त्या दुसऱ्या फाटकातून आत जातो.

त्या फाटकाला राखणदार नाही. पेशी भरली तरी ते बंद होत नाही. भक्षकपेशी गिळत राहते, चरबीचे थेंब साठत जातात, सूक्ष्मदर्शकाखाली ती फेसासारखी दिसते. म्हणून तिचं नाव फेसपेशी. तिचा स्वभावच कचरा, जंतू, मेलेल्या पेशी उचलण्याचा. तिच्या दृष्टीनं ती आपलं काम इमानानं करतेय. दादाच्या धमनीत वर्षानुवर्षं हेच चाललं होतं, आणि आम्ही त्याला नळीतला गाळ म्हणत होतो.

अस्तराच्या निरोपांबद्दल लिहायचं राहिलंय. लांबलं म्हणून थांबतो, कुणी विचारलं तर सांगतो.

संत्र्याचा_मळा

भाऊ, दोनदा वाचलं. पाइपाचं चित्र माझ्याही डोक्यात होतं. पण एक शंका. आमच्याकडे वरुडला जवसाची चटणी रोज ताटात असते. ती खवट होते, एलडीएलही तसाच खवट होतो, मग जवस बंद करायचा का? आणि करडईचं तेल?

वर्धेकाठचा

नाही, नाही. हा गैरसमज माझ्या उदाहरणामुळं झाला, मीच स्पष्ट करायला हवं होतं. जवस फक्त रसायन समजावं म्हणून घेतला. कण खवट होतो तो भिंतीत अडकल्यावर, तिथंच. ताजा जवस, करडई, तीळ यांतली असंपृक्त मेदाम्लं वनस्पती तूप किंवा जास्तीच्या लोण्या-तुपाच्या जागी आली तर रक्तातला एलडीएल उतरतो. संपृक्त चरबी यकृतावरची ती शहाणी फाटकं कमी करते, म्हणून कण रक्तात फिरत राहतात. चटणी खुशाल खा, फक्त ताजी कुटा.

टाळायचं ते जुनं तळण. बसस्टँडवर आलूबोंडे तळून काळं झालेलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा तापवलेलं तेल. अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियमच आहे, तळणातल्या ध्रुवीय संयुगांचं प्रमाण २५ टक्क्यांवर गेलं की ते तेल वापरायचं नाही. १ जुलै २०१८ पासून लागू आहे. गावात मोजायला कोण येतं हा वेगळा प्रश्न. फेस येतो, धूर लवकर निघतो, चिकट होतं, तेव्हा ते टाकून द्यावं.

पांढरं_सोनं

भाऊ, लय बेस समजावून सांगितलं. पण मले एक सांगा. आमच्या इकडं एक जण म्हणते का कोलेस्टेरॉल-बिलेस्टेरॉल सारं गोळ्या इकाचं नाटक हाय. माह्या मोठ्या बाबाचं कोलेस्टेरॉल कमी होतं तरी अटॅक आला. तुमच्या दादाचंबी १३१ च होतं. मंग दोष कोलेस्टेरॉलचा कसा? काही लोकं गोळी सोडून अर्जुनसालीचा काढा घेऊन रायले. त्याईले काय सांगाव?

वर्धेकाठचा

तुमचा प्रश्न रास्त आहे. मलाही तोच पडला होता.

एक, रिपोर्टवरचा आकडा हा त्या दिवशीचा आकडा. भिंतीत साठतं ते वर्षांच्या हिशेबानं. १३१ पंचवीस वर्षं म्हणजे काय, याचा विचार मी केलाच नव्हता. कोरियन युद्धात मेलेल्या ३०० अमेरिकी सैनिकांचं शवविच्छेदन १९५३ मध्ये प्रसिद्ध झालं. सरासरी वय २२. त्यातल्या ७७ टक्क्यांच्या हृदयधमन्यांत रोगाच्या खुणा होत्या. बाविसाव्या वर्षी!

दोन, बहुतेक लहान लॅबमध्ये एलडीएल थेट मोजतच नाहीत. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल ('चांगलं' कोलेस्टेरॉल) वजा, आणि ट्रायग्लिसराइडचा (रक्तातल्या दुसऱ्या चरबीचा) पाचवा भाग वजा. ट्रायग्लिसराइड जास्त असेल तर हे गणित लंगडं पडतं, ४०० च्या वर तर ते वापरायचंच नाही. आपल्याकडे पोट सुटलेल्या, साखर असलेल्या माणसांत ट्रायग्लिसराइड जास्त आणि एलडीएलचे कण लहान नि घट्ट असतात. तेवढ्याच कोलेस्टेरॉलमध्ये कणांची संख्या जास्त. हे लहान कण भिंतीत जास्त रेंगाळतात आणि लवकर खवट होतात. दादाचं ट्रायग्लिसराइड २६० होतं. मी एलडीएलच्या रकान्याकडं पाहिलं आणि त्याच्याकडं नाही.

तीन, नाटक म्हणणाऱ्यांसाठी. पीसीएसके-९ नावाचं एक जनुक आहे. काही माणसांत ते जन्मतः निकामी असतं. अमेरिकेत अशा कृष्णवर्णीय लोकांचा अभ्यास २००६ मध्ये आला. त्यांचा एलडीएल इतरांपेक्षा २८ टक्क्यांनी कमी, आणि हृदयधमनीरोग ८८ टक्क्यांनी कमी. हा फरक कुणाच्या गोळीमुळं आलेला नव्हता. जन्मभर कण कमी, एवढंच.

अर्जुनाची झाडं आमच्याही नदीकाठी आहेत, मला त्यांच्याबद्दल आदर आहे. पण गोळी सोडून काढा घेणाऱ्याला हात जोडून सांगा, तसं करू नका. स्टेंट बसलेल्यानं डॉक्टरला न विचारता रक्त पातळ करायची गोळी बंद केली तर स्टेंटमध्येच गुठळी होऊ शकते.

वॉर्ड_नंबर_सात

मी विदर्भातल्याच एका वैद्यकीय महाविद्यालयात मेडिसिनची निवासी डॉक्टर आहे. नाइट ड्यूटीवर वाचते आहे. लेखन आवडलं. अस्तराच्या निरोपांचं मी लिहिते, कारण रोज रात्री आमच्या वॉर्डात आम्ही त्याचाच शेवटचा अंक बघतो.

अस्तर म्हणजे एंडोथेलियम, पेशींचा एकच थर. पण तो मुका नाही. रॉबर्ट फर्चगॉट यांनी १९८० मध्ये सशाच्या महाधमनीच्या पट्ट्यांवर दाखवलं की ॲसिटिलकोलिन नावाचं रसायन दिल्यावर पट्टी सैल पडते ती अस्तर शाबूत असेल तरच. हाताळताना अस्तर घासून गेलं तर सैल पडायच्या ऐवजी ती आवळते. म्हणजे अस्तर खालच्या स्नायूला काहीतरी कळवतं. तो निरोप्या निघाला नायट्रिक ऑक्साइड, एक साधा वायू. १९९८ चं नोबेल फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना मिळालं. हा वायू काही सेकंदच टिकतो, पण तेवढ्यात स्नायूत शिरून त्याला सैल करतो, बिंबिकांना (रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट्सना) चिकटू देत नाही, पांढऱ्या पेशींना दूर ठेवतो. गावात ज्येष्ठांच्या खिशात असते ती जिभेखालची गोळी हेच काम बाहेरून करते.

खवट एलडीएल अस्तराच्या पेशीवर लॉक्स-१ नावाच्या रिसेप्टरला धरतो. जपानमध्ये सावामुरा यांच्या गटानं १९९७ मध्ये तो शोधला. मग दोन गोष्टी होतात. पहिली, पेशीत सुपरऑक्साइड नावाचं मुक्त मूलक वाढतं आणि ते नायट्रिक ऑक्साइडला वाटेतच गाठून संपवतं. निरोप निघतो पण पोचत नाही. त्याहून वाईट म्हणजे नायट्रिक ऑक्साइड बनवणारं वितंचकच बिघडतं आणि स्वतःच सुपरऑक्साइड बनवू लागतं. दुसरी, पेशीच्या केंद्रकात एनएफ-कप्पा-बी (दाहाची जनुकं चालू करणारं प्रथिन) जागा होतो आणि अस्तर उलटा निरोप पाठवायला लागतं. पृष्ठभागावर व्हीकॅम-१ सारखे आकडे उगवतात, एमसीपी-१ नावाची हाक रक्तात जाते. रक्तातले मोनोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) त्या आकड्यांत अडकतात, हाकेच्या दिशेनं भिंतीत शिरतात आणि तिथं भक्षकपेशी होतात. एवढे गिऱ्हाईक जमल्यावर पुढचं वर्धेकाठच्यांनी लिहिलंच आहे.

रोगाची जागा कोणती, हेही बघा. बहुधा धमनीच्या फाट्यावर आणि वळणावर. सरळ, वेगानं वाहणारं रक्त अस्तराला घासत जातं तेव्हा अस्तर नायट्रिक ऑक्साइड चांगलं बनवतं. फाट्यावर प्रवाह घोटाळतो, तिथं ते कमी बनतं. कॅनॉलच्या वळणावर गाळ बसतो तो पाण्याचा वेग मंदावतो म्हणून. इथं वेग मंदावल्यानं अस्तराचा स्वभाव बदलतो.

भक्षकपेशीवर फाटकं एक नाही, अनेक आहेत. एसआर-ए १९९० मध्ये हाती लागला, सीडी-३६ ची ओळख १९९३ मध्ये पटली. सीडी-३६ नुसता गिळत नाही, तो टीएलआर-४ आणि टीएलआर-६ या जंतू ओळखणाऱ्या जोडीला सोबत घेऊन धोक्याची घंटा वाजवतो. आत कोलेस्टेरॉलचे स्फटिक बनले की ते पेशीतली एनएलआरपी-३ नावाची यंत्रणा चालू करतात आणि इंटरल्युकिन-१-बीटा हा दाह पेटवणारा निरोप्या बाहेर पडतो. ही खरी जळजळ, दाह. भरलेल्या पेशी मरतात, त्यांना उचलायला दुसऱ्या भक्षकपेशी पुरत नाहीत आणि मधोमध मेलेल्या चरबीचा गाभा तयार होतो. वर तंतूंची टोपी असते. दाहामुळं ती पातळ होते, फुटते, गाभा रक्ताला दिसतो आणि काही मिनिटांत गुठळी. तुमच्या दादाची पहाट ती होती. म्हणूनच चाळीस-पन्नास टक्केच अरुंद झालेली धमनीसुद्धा अचानक बंद पडू शकते.

दाहच दाबला तर? २०१७ मध्ये कॅनाकिनुमॅबचा मोठा प्रयोग प्रसिद्ध झाला, १०,०६१ रुग्ण. इंटरल्युकिन-१-बीटाला अडवणारं औषध. १५० मिलिग्रॅमच्या मात्रेनं हृदयविकार, पक्षाघात आणि त्यांमुळे होणारे मृत्यू मिळून १५ टक्क्यांनी कमी झाले, एलडीएल न बदलता. पण जीवघेणे संसर्गही वाढले. २०२० मध्ये गाउट या सांधेदुखीचं जुनं औषध कोल्चिसिन, रोज अर्धा मिलिग्रॅम, ५,५२२ रुग्णांत फायद्याचं दिसलं. नंतरच्या एका मोठ्या प्रयोगात फायदा दिसला नाही. म्हणून हा निर्णय हृदयरोगतज्ज्ञांवर सोडा.

मेळघाटची_ताई

मी आरोग्य उपकेंद्रात नर्स आहे. कोल्चिसिनचं वाचून धस्स झालं म्हणून लिहिते. ते कळलावीत असतं. पावसाळ्यात आमच्या जंगलात, लाल-पिवळ्या ज्वाळेसारखी फुलं येतात ती वेल. तिचा कंद जहाल विषारी आहे. कृपा करून कुणीही "हृदयाचं औषध जंगलातच आहे" म्हणून कंद उगाळू नका. उलट्या-जुलाबापासून सुरू होतं आणि माणूस हातचा जातो. डॉक्टरताई, हे तुमच्या लेखनात ठळक करा.

वॉर्ड_नंबर_सात

ताई, अगदी बरोबर. औषधाची मात्रा आणि विषाची मात्रा यांत फार थोडं अंतर आहे. कंद नकोच.

वैनगंगेपलीकडे

नमस्कार. मी गडचिरोली जिल्ह्यातला शिक्षक. आमच्या शाळेत सिकलसेलची (लाल पेशी विळ्यासारख्या होण्याच्या आनुवंशिक आजाराची) मुलं आहेत, माझी भाचीही आहे. नायट्रिक ऑक्साइडचं नाव मी तिच्या डॉक्टरांकडून ऐकलं होतं. तिच्यातही खवट एलडीएलच आहे का?

वॉर्ड_नंबर_सात

सर, खूप चांगला प्रश्न. चोर वेगळा, चोरी तीच. सिकलसेलमध्ये लाल पेशी रक्तातच फुटतात आणि हिमोग्लोबिन मोकळं होतं. मोकळं हिमोग्लोबिन नायट्रिक ऑक्साइडला फार वेगानं खाऊन टाकतं. शिवाय फुटलेल्या पेशींतून आर्जिनेज नावाचं वितंचक बाहेर पडतं, ते आर्जिनीन तोडतं, आणि आर्जिनीन हाच नायट्रिक ऑक्साइडचा कच्चा माल. म्हणून धमन्या आवळलेल्या राहतात, फुप्फुसातला रक्तदाब वाढू शकतो, घोट्यावर जखमा होतात. या मुलांचं कोलेस्टेरॉल बहुधा कमीच असतं, त्यामुळं भाचीच्या बाबतीत एलडीएलची काळजी आज नको. तिची हायड्रॉक्सीयुरिया (सिकलसेलची गोळी) सुरू असेल तर ती नियमित घेतेय ना, पाणी भरपूर पितेय ना, एवढं बघा.

झाडीपट्टीचा_पोट्टा

दादाहो, मी बिडी पीत नाही, खर्रा खातो. दिवसाला चार-पाच. धूर नाही तर ते ऑक्सिडीकरण कुठून होणार? म्हणजे खर्रा हृदयाला चालतो का? खरंच विचारतोय, वडील याच कारणानं गेले.

वर्धेकाठचा

भावा, वडिलांचं वाचून वाईट वाटलं.

दादाही खर्राच खायचा. पन्नीवर घोटलेली सुपारी, तंबाखू, चुना. बिडीच्या धुरात मुक्त मूलकं थेट असतात, ती एलडीएलला खवट करतात आणि नायट्रिक ऑक्साइडला मारतात, हे खरं. खर्ऱ्यात धूर नाही. पण निकोटिन तेवढंच रक्तात येतं आणि गालात धरल्यामुळं जास्त वेळ येत राहतं. नाडी वाढते, दाब वाढतो, धमनी आवळते. धूर नसलेल्या तंबाखूनंही हृदयविकारानं मृत्यूचा धोका वाढतो, असं आपल्याकडच्या आणि बाहेरच्या अभ्यासांत दिसलंय. तोंडाचा कर्करोग वेगळाच.

दादानं पहिले दहा दिवस फार त्रासात काढले. चिडचिड, झोप नाही. वहिनीनं खिशात भाजलेली बडीशेप आणि जवस भरून दिला. आज सात महिने झाले. तू मला इथं निरोप टाक, मी तुला दादाचा नंबर देतो. तो बोलेल तुझ्याशी, त्याला आवडतं.

संत्र्याचा_मळा

पुन्हा मीच. खवट होणंच वाईट असेल तर ई जीवनसत्त्वाच्या कॅप्सूल का घेऊ नयेत? मेडिकलवाला देतो.

वॉर्ड_नंबर_सात

सगळ्यांना हेच वाटलं होतं, आणि तर्क चुकीचा नव्हता. म्हणून मोठे प्रयोग झाले. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या होप प्रयोगात साडेनऊ हजारांवर लोकांना रोज ४०० युनिट ई जीवनसत्त्व किंवा बिनऔषधी कॅप्सूल दिली. फरक शून्य. २००२ मध्ये ब्रिटनचा हार्ट प्रोटेक्शन अभ्यास आला, २०,५३६ लोक. जीवनसत्त्वांनी काही झालं नाही. त्याच लोकांत सिमव्हास्टॅटिन या कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या गोळीनं मात्र हृदयविकार आणि मृत्यू दोन्ही घटले. भिंतीतल्या त्या कोपऱ्यात कॅप्सूल पोचून साखळी थांबवू शकत नाही. भिंतीत जाणारे कणच कमी केले तर खवट व्हायला काही उरत नाही. एलडीएलचा रिपोर्टवरचा आकडा साधारण ३९ नं उतरला की मोठे झटके जवळपास पाचव्या हिश्श्यानं घटतात.

आणि वर्धेकाठचे, एक दुरुस्ती, रागावू नका. तुमच्या लेखावरून वाटतं की खवट होणं हाच एकमेव बदल आहे. तसं नाही. भिंतीतली काही वितंचकं कणांना एकमेकांत चिकटवून गोळे करतात, भक्षकपेशी तेही गिळतात. मधुमेहात साखर अपो-बीला चिकटते. ऑक्सिडीकरण हा या कथेचा मोठा धागा आहे, सगळी कथा नव्हे.

वर्धेकाठचा

रागावण्याचं कारणच नाही, हे मला हवंच होतं. माझ्याकडं दर आठवड्याला कुणीतरी "ऑक्सिडाइज्ड एलडीएलची तपासणी करून द्या" म्हणत येतं, मोबाइलवर वाचून. आता त्यांना सांगेन, त्या पैशात अपो-बी करा, म्हणजे कण किती ते कळेल.

एक गोष्ट मात्र मी कुणालाही सांगितल्याशिवाय राहू शकत नाही. खवट झालेल्या मेदाचं टोक फॉस्फोकोलिन नावाचं असतं. नेमकं तेच टोक न्यूमोकोकस या न्यूमोनियाच्या जंतूच्या भिंतीवरही असतं. आपल्या शरीरात जन्मापासून असलेली काही प्रतिपिंडं दोघांनाही धरतात. उंदरांना न्यूमोकोकसची लस टोचल्यावर त्यांच्या धमन्यांतला रोग कमी झाला, हे २००३ मध्ये दिसलं. म्हणजे भक्षकपेशी खवट एलडीएलवर तुटून पडते ती उगाच नाही. तिला तो जंतूसारखा दिसतो. हे वाचलं त्या रात्री मी खाटेवर पडून बराच वेळ दादाच्या त्या पेशींचाच विचार करत होतो.

पांढरं_सोनं

भाऊ, काल गावात पारावर हे सारं वाचून दाखोलं. मोठ्या बाबानं गोळी पुन्हा चालू केली. दादाचं आता कसं हाय?

वर्धेकाठचा

मोठ्या बाबांना माझा नमस्कार सांगा, फार बरं वाटलं.

दादा बरा आहे. परवाचा एलडीएल ५८. "आता उतरलं ना, मग गोळी कायले?" असं तो विचारत होता. त्याला म्हटलं, ५८ हे गोळीमुळं आहे. ती थांबवली की यकृत पुन्हा जुन्या चालीवर जाईल. त्याला पटलं की नाही माहीत नाही, पण वहिनीला पटलंय आणि डबी तिच्याकडं आहे.

दादाची दोन मुलं आहेत, १९ आणि २२ वर्षांची. डॉक्टरताईंनी मला वेगळं कळवलं की त्यांचं लायपोप्रोटीन लिटल ए (एलडीएलसारखाच एक कण) आयुष्यात एकदा तरी बघून घ्या, ते आनुवंशिक असतं, दक्षिण आशियाई लोकांत बऱ्याचदा जास्त निघतं आणि खवट मेद बहुतांशी तेच वाहून नेतं. ती तपासणी आमच्याकडं होत नाही, नमुना नागपूरला पाठवावा लागतो. रविवारी सकाळी दोघांना लॅबवर बोलावलंय. रक्त मीच काढणार आहे, आणि या वेळी सगळे रकाने बघणार आहे.